एका बटणाची खोली

वाचनालयाची शांतता माणसाने मोडली तर त्याला दटावता येते. यंत्राने मोडली तर कोणाकडे रागाने पाहावे, असा प्रश्न पडतो. त्या मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास वाचनकक्षातल्या अकरा जणांनी एकदमच माना वर केल्या आणि तो प्रश्न एकमताने सोडवला. सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिच्यापुढचा लॅपटॉप घुमत होता. आधी गुणगुणल्यासारखा, मग कण्हल्यासारखा, आणि आता दळण दळल्यासारखा.

"तुमचं हे यंत्र," मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "उडायच्या बेतात आहे का?"

तिने वळून पाहिले. दुमडलेल्या बाह्या, हातात धूळ पुसायचा फडका, नाकावर घसरलेला चष्मा. चष्म्यामागचे डोळे तिला ओळखीचे वाटले. रोज सकाळी आरशात दिसत तसेच. झोप पुरी झालेली, थकवा मात्र जागच्या जागी.

"उडालं तर बरंच," ती म्हणाली. "परत घरी वाहून न्यायला नको."

"आत चला. आतल्या खोलीत आवाज चालतो. आतली सात यंत्रं म्हातारीच आहेत… तीही कण्हतात."

तो त्या आतल्या खोलीची देखभाल करत असे. खोली लांबट होती. भिंतीला लागून सात जुने संगणक, प्रत्येकावर रंगाने काढलेला आकडा, आणि मधोमध मान फिरवणारा एक उंच पंखा. दोन नंबरवर एक निवृत्त शिक्षक कसलासा अर्ज टंकत होते, एक अक्षर शोधून, दुसरे विसरून. चार नंबरच्या टेबलाजवळ तिने लॅपटॉप ठेवला.

"अडलंय काय?" त्याने विचारले.

"सरासरी. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस आहे. सहा नमुन्यांतल्या क्लोरीनची सरासरी मला कागदावर वीस सेकंदांत काढता येते. हा तीन आठवडे झाले चार पूर्णांक दोन म्हणतोय. एवढं क्लोरीन असतं तर पहिल्या घोटाबरोबर अख्खं शहर आमच्या दारात आलं असतं."

त्याने पडद्याकडे पाहिले. तिच्या दादाने मोठ्या प्रेमाने बसवून दिलेली ती प्रणाली होती. ज्यांचे पोट प्रोग्रॅम लिहिण्यावर आहे, ती माणसे वापरतात तशी. डावीकडे फाइलींची उतरंड, उजवीकडे सूचनांची, वर चित्रखुणांच्या तीन रांगा. त्या खुणा तिने एकदा मोजल्या होत्या. एकशे सात. लिहायची जागा मधोमध, पोस्टकार्डाएवढी.

"एक करा. सगळ्यात वर एक ओळ लिहा. काहीही. आत्ता मनात आहे ते. ते पडद्यावर उमटव म्हणून सांगा त्याला."

तिने लिहिले – मी दमले आहे. मग चालवण्याची खूण दाबली. लॅपटॉप घुमला आणि उत्तर आले: ४.२. बाकी काही उमटले नाही.

"हा तुमचं ऐकतच नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही बदल करताय एका फाइलमध्ये आणि चालवताय दुसरीच. नावं जवळपास सारखी आहेत. ही बघा, तीन आठवड्यांपूर्वीची."

नऊ वर्षांत जिने दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची एकदाही अदलाबदल होऊ दिली नव्हती, ती दोन्ही फाइलींची नावे अक्षर अक्षर लावून वाचू लागली. त्याने हात लांब करून योग्य फाइल चालवली. पडद्यावर आधी उमटले – मी दमले आहे. त्याखाली ०.४२.

"बरोबर आहे," ती पुटपुटली.

"दोन्ही?"

तिला हसू यायला हवे होते. आले ते पाणी. तिने रुमाल काढला.

"क्लोरीन," ती म्हणाली. "दिवसभर डोळ्यांत जातं."

"हो," तो गंभीरपणे म्हणाला. "इथल्या धुळीचंही तसंच आहे."

*

गोष्ट एवढीच होती, की प्रयोगशाळेत एक स्वयंचलित यंत्र आले होते. त्याने घेतलेली मोजमापाची वाचने तपासून त्यांचा रोजचा अहवाल करणारा छोटा प्रोग्रॅम ज्याला स्वतः लिहिता येईल, तो शहरातल्या प्रयोगशाळेत राहणार. बाकीच्यांची रवानगी धरणाजवळच्या पंपघरावर – अडीच तासांचा रस्ता, पाळीची नोकरी, तिथेच राहणे. तपासनीस चार, जागा दोन. परीक्षेला आता महिना उरला होता, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्य रसायनतज्ज्ञ बाईंनी, ही बातमी इतक्या सौम्यपणे सांगितली होती की ती किती वाईट आहे हे कळायला सगळ्यांना दुपार उजाडली.

तिला पंपघराचे भय नव्हते. तिला नव्याने काही सुरू करण्याचाच कंटाळा आला होता. चौतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर बसायचे, पुन्हा न कळणारे फळ्यावरून उतरवायचे. पण घरी आईचे गुडघे होते, आणि अडीच तासांच्या रस्त्यावरून गुडघ्यांना शेक देता येत नाही.

"उद्यापासून हा उडता रथ घरी ठेवा," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला होता. "चार नंबरवर बसा."

चार नंबरवर जे होते त्याला प्रणाली म्हणणे हा गौरव ठरला असता. वर लिहायची पांढरी जागा, खाली उत्तराची काळी जागा, आणि मध्ये एकच बटण: चालवा.

"एवढंच?"

"एवढंच. पोहायला शिकणाऱ्याला जहाज कशाला?"

"जहाजातून पडल्यावरच पोहायची वेळ येते, असा माझा अनुभव आहे."

"म्हणूनच काठावर बसवलंय तुम्हाला," तो म्हणाला, आणि त्याने तिच्यापुढे पिवळट कार्डांचा एक गठ्ठा ठेवला. वाचनालयाच्या जुन्या सूचीची कार्डे. सूची संगणकावर गेल्यापासून रद्दीच्या वाटेवर असलेली. एका बाजूला पुस्तकांची माहिती: मधमाश्यांविषयी काही, विहिरींच्या दुरुस्तीविषयी काही. दुसरी बाजू कोरी.

"बटण दाबायच्या आधी कार्डावर लिहायचं, काय उमटेल ते. मग दाबायचं. जुळलं तर पुढे जायचं. चुकलं तर त्याच कार्डावर खाली लिहायचं, काय शिकलो."

"आणि माहीत नसेल तर?"

"‘माहीत नाही’ चालत नाही. चुकीचं चालतं."

ही पद्धत तिला पटली. आधी भाकीत, मग प्रयोग. जगाशी बोलण्याची दुसरी सभ्य रीत तिला ठाऊक नव्हती. आणि योग्य फाइलच चालते आहे याचा पुरावा म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर ती त्या दिवशीची एक ओळ लिहू लागली. ओळ उमटणार, म्हणून ती कार्डावरही येई. पहिल्या आठवड्याची कार्डे अशी होती: मी दमले आहे. मी अजून दमले आहे. चहा गार झाला. दोन नंबरचे गुरुजी अजून पहिल्याच अर्जावर आहेत.

दुसऱ्या आठवड्यातल्या एका कार्डावर होते – देखभाल करणाऱ्यांच्या शर्टाला आज एक गुंडी कमी आहे.

तो फेरी मारत आला, मागे उभा राहून त्याने वाचले, आणि फडका छातीशी धरून पुढे गेला. दुसऱ्या दिवशी गुंडी जागेवर होती. रंग वेगळा होता.

"दोरा पांढराच होता," तो म्हणाला. "गुंडी मिळाली ती निळी."

"मी काही विचारलं का?"

"कार्डावर लिहाल, म्हणून आधीच सांगून ठेवलं."

*

एकदा ती वीस मिनिटे नुसती बसून होती. वाचने एक एक करून विचारून घेणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता; बटण दाबले, पहिली ओळ उमटली, आणि पुढे सगळे ठप्प. काळ्या जागेत एक उभी रेघ लुकलुकत होती. तो शिक्षकांच्या अर्जातून सुटून आला, तेव्हा सव्वासात झाले होते.

"हा अडकला," ती म्हणाली. "मीही अडकले. आम्ही दोघं जोडीनं अडकलोय."

"अडकला नाहीये तो. वाट बघतोय."

"कशाची?"

"तुमची. तुम्ही त्याला विचारायला सांगितलंत, त्याने विचारलं. आता उत्तर दिल्याशिवाय तो पुढे कसा जाईल?" तो किंचित वाकला, आणि मग आपण वाकलो आहोत हे लक्षात येऊन सरळ झाला. "बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं म्हणा… अडकलेलं आणि वाट बघणारं."

त्याने चष्मा काढून पुसला. उत्तर द्यायला किंवा टाळायला वेळ हवा असला की तो चष्मा पुसतो, हे तिने एव्हाना सात वेळा नोंदवले होते.

"तुम्ही आधी हेच काम करत होतात ना?" तिने विचारले. "प्रोग्रॅम लिहायचं."

"अकरा वर्षं. तुमच्या त्या एकशे सात खुणांच्या पडद्यापुढे. सगळ्या येत होत्या मला. एका सकाळी बसलो, आणि आपण कशासाठी लिहितोय तेच आठवेना. आजारी नव्हतो, भांडण नव्हतं… नुसता संपलो होतो, डब्यातलं मीठ संपतं तसा." त्याने पंख्याची तार उगाच नीट केली. "इथे एक बटण आहे. दाबलं की काय होणार ते कळतं. मला तेवढं पुरतं."

"पुरतं की पुरवता?"

चष्मा दुसऱ्यांदा पुसला गेला.

घरी वहिनीने सगळे आधीच ओळखले होते. वहिनीला त्यासाठी पुरावे लागत नसत. "काय वन्सं," ती भाजी निवडता निवडता म्हणे, "तुमचं वाचनालय आज काय म्हणालं?"

"सरासरी म्हणालं."

"सरासरी का होईना, म्हणतंय ना काहीतरी."

"वहिनी, तो सगळ्यांशीच नीट वागतो. त्या गुरुजींशीसुद्धा."

"मग गुरुजींच्या गोष्टी घरी का नाही सांगत तुम्ही?"

एकाच वाचनावरून निष्कर्ष काढायचा नाही, निदान तीन तरी घ्यायची, हा प्रयोगशाळेचा नियम होता. तिने तीन घेतली. ती येण्याच्या वेळेला तो उंच पंखा मान फिरवायचा थांबून चार नंबरकडे तोंड करून उभा असे. हा योगायोग असू शकत होता. म्हणून सोमवारी ती सहा नंबरवर बसली. पाच मिनिटांत पंखा सहा नंबरकडे वळला. बुधवारी ती एक नंबरवर बसली, पंखा आला. गुरुवारी ती मुद्दाम अर्धा तास उशिरा गेली आणि दाराच्या काचेतून पाहिले. गुरुजी घामाघूम होऊन टंकत होते, आणि पंखा चार नंबरच्या रिकाम्या खुर्चीवर इमानेइतबारे वारा घालत होता.

ती दाराबाहेर थोडा वेळ उभी राहिली. निष्कर्ष काढायला हरकत नव्हती. धाडस मात्र निष्कर्षातून आपोआप निघत नाही. दिवसभर उभे राहून आलेल्या माणसाच्या अंगात तर मुळीच नाही.

*

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिने शेवटचा प्रोग्रॅम चालवला. भाकीत अक्षरशः जुळले. त्याने कार्ड हातात घेऊन वाचले आणि लाकडी खणात, बाकीच्या कार्डांमागे, तारखेप्रमाणे लावून ठेवले.

"उद्या तिथे ती मोठीच प्रणाली असेल," तो म्हणाला. "घाबरू नका. तिच्यातही या तीनच जागा आहेत. लिहायची, चालवायची, वाचायची. तेवढ्या शोधा. बाकीचं शहर परकं राहिलं तरी बिघडत नाही."

"आमच्याकडे निवळणीचं कुंड आहे," ती म्हणाली. का म्हणाली, हे तिलाही कळले नाही. "नदीचं गढूळ पाणी आधी तिथे येतं. करायचं काही नाही, नुसतं संथ राहू द्यायचं. गाळ आपोआप खाली बसतो. घाई केली की पुन्हा ढवळतं. संध्याकाळी तिथे कोणी नसतं… दमले की मी तिथे जाऊन उभी राहते."

"पाहायला हवं कधीतरी."

"हं. आणि परीक्षेनंतर?"

"नंतर…" त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नंतर तुम्हाला इथलं काही लागणार नाही."

ती थांबली. तो आणखी काही बोलेल म्हणून वाट बघणारी ती लुकलुकती रेघ तिच्या चेहऱ्यावरही असावी. पण तो खणाची कडी लावण्यात गुंतला होता. तिने पिशवी उचलली.

हा हिशेब विचित्र होता खरा. नापास झाली तर पंपघर, आणि या संध्याकाळी संपल्या. पास झाली तर इथे येण्याचे कारणच संपले. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येणारे समीकरण तिने याआधी सोडवले नव्हते.

परीक्षेत एकशे सात खुणा होत्या. तिने कोऱ्या कागदाने उजवी बाजू झाकली, डावीवर पिशवी टेकवली, आणि मधल्या पोस्टकार्डाएवढ्या जागेत पहिली ओळ लिहिली – मी जागी आहे. चालवले. उमटली. मग बाकीचे. निकाल पुढच्या शुक्रवारी लागला, चौघांत दुसरी. मोठ्या बाईंनी फक्त एकच विचारले: "ती वरची ओळ कशासाठी?"

"योग्य फाइल चालते आहे, याचा पुरावा म्हणून."

"चांगली सवय आहे," बाई म्हणाल्या. "कोणी लावली?"

तिने डोळे पुसले. क्लोरीन.

*

परीक्षेनंतर दोन आठवडे ती वाचनालयात गेली नाही. दादाने लॅपटॉपमधून ते जहाज काढून एका बटणाची प्रणाली बसवून दिली – "ताकद असून वापरायची नाही म्हणजे कमाल आहे," असे म्हणत – आणि त्यावर तिने घरीच एक प्रोग्रॅम लिहिला. आठ ओळी. सात वेळा चालवून पाहिला. मग कामावरून येताना सव्वासहाला ती त्या खोलीच्या दारात उभी राहिली.

गुरुजी दोन नंबरवर होते. पंखा मान फिरवत होता. चार नंबरच्या पडद्यावर एक पाटी लटकत होती: नादुरुस्त.

"काय बिघडलंय?" तिने विचारले.

तो पाठमोरा होता. वळला, आणि फडका हातातच राहिला.

"काही नाही," तो म्हणाला.

"मग पाटी?"

"लोक… बसतात."

तिने पाटी काढून बाजूला ठेवली. हे वाचन अनुकूल होते. पण ‘तुम्हाला इथलं काही लागणार नाही’ हेही एक वाचन होतेच, आणि कार्ड तिने घरूनच लिहून आणले होते. ते तिने टेबलावर पालथे ठेवले. सोबत आणलेल्या कागदावरून आठ ओळी टंकल्या.

"पास झाले," ती टंकता टंकता म्हणाली. "दुसरी आले."

"कळलं. गुरुजींची पुतणी तुमच्याच कार्यालयात आहे."

"मग अभिनंदन करायचं होतं."

"कुठे येऊन करणार? तुमचा पत्ता वाचनालयाच्या नोंदीत आहे, पण तो असा वापरायचा नसतो." तो एका हाताच्या अंतरावर उभा राहिला, नेहमीसारखा. "हे काय आहे?"

"दाबा बटण."

त्याने दाबले. पहिली ओळ उमटली – मी दमलेली आहे, पण आले आहे. तिच्याखाली दुसरी – रविवारी संध्याकाळी मोकळे आहात का? आणि उभी रेघ लुकलुकू लागली.

खोलीत गुरुजींच्या टंकण्याचा आवाज तेवढा होता. टक. मग बऱ्याच वेळाने टक.

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

"अडकलेलं नाहीये," ती पडद्याकडेच पाहत म्हणाली.

"दिसतंय मला."

तो वाकला, आणि या वेळी सरळ झाला नाही. एका बोटाने त्याने टंकले – हो.

आणि पडदा लाल झाला.

दोन नंबरवरचे टंकणे थांबले. तिने दोन्ही हात तोंडावर नेले. लाल अक्षरांचा अर्थ एवढाच होता, की सातव्या ओळीत ‘ठिकाण’ असे काहीतरी आले आहे, आणि ते म्हणजे काय, हे यंत्राला कोणीच सांगितलेले नाही.

"पण मी सात वेळा चालवून बघितला," ती म्हणाली. "एकदाही चुकला नाही."

त्याने ओळी वरून खाली वाचल्या. मग हळूच विचारले, "सातही वेळा उत्तर काय दिलंत?"

तिने सोबत आणलेला कागद घडी घालून पिशवीत टाकला.

"‘नाही’ची बाजू छान लिहिली आहे," तो म्हणाला. "‘हरकत नाही, शिकवल्याबद्दल आभारी आहे.’ स्वल्पविरामासकट. ‘हो’ची बाजू…"

"तिथवर गोष्ट जाईल, असं वाटलं नव्हतं."

त्याने टेबलावरचे पालथे कार्ड उलटले. एकच शब्द होता: नाही. मग शेजारच्या टेबलाची खुर्ची त्याने ओढून घेतली, आणि इतक्या संध्याकाळींत पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी मी जे बोललो ना… ते जुनं होतं. तीन आठवड्यांपूर्वीचं नाही, चांगलं तीन वर्षांपूर्वीचं. आपण कोणाला लागत नाही, हे इतक्यांदा स्वतःला सांगितलंय की तेच चालतं अजून."

"बदल केलात का पण?"

"केला असावा. गुरुजींनाही कळलंय. पंखा बघा."

तिने पाहिले. गुरुजींनी, मान खाली घालून, पाय लांब करून, पंख्याचे तोंड चार नंबरकडे वळवले होते.

"भाकीत चुकलं," तो म्हणाला आणि त्याने पेन्सिल पुढे केली. "खाली लिहा, काय शिकलात."

तिने विचार केला आणि लिहिले – दोन्ही बाजू तपासाव्यात. मग ती पडद्याकडे वळली.

"दुसऱ्या ओळीनंतर एक ओळ घाला," तो म्हणाला. "ठिकाण म्हणजे काय, ते सांगा त्याला."

तिने टंकले – निवळणीचं कुंड.

"पहारेकरी आत सोडेल मला?"

"मी सोडेन. नोकरी आहे अजून माझी."

"पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागेल. प्रश्न परत विचारेल तो."

"विचारू दे."

तिने बटण दाबले. ओळ उमटली, प्रश्न उमटला, रेघ लुकलुकली. त्याने चष्म्याला हात लावला नाही. हो, त्याने टंकले, आणि खाली काळ्या जागेत शांतपणे उमटले: मग रविवारी पाच वाजता, निवळणीचं कुंड.

ती थकलेलीच होती. पाय दुखत होते, डोळे चुरचुरत होते, आणि उद्या पुन्हा सकाळी सातला बाटल्या होत्या. तरी आत कुठेतरी काहीतरी खाली बसत चालले होते, संथपणे, आणि वरचे पाणी स्वच्छ दिसू लागले होते.

"पहिल्या वाचनाला यंत्रच बिघडलं," ती म्हणाली. "हे दुसरं झालं. नियमाप्रमाणे तीन लागतात."

"घ्या," तो म्हणाला, आणि बटण त्यानेच दाबले.